सहाच्या जागी सहा

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाताना वाटेत शेणवा लागतं. मी तिथला. तीस वर्षं एस.टी.च्या कार्यशाळेत इंजिनं उघडली आणि मिटली, आता निवृत्त आहे. आज तुमच्याशी एका इंजिनाबद्दल बोलायचं आहे, म्हणजे खरं तर एका भांडणाबद्दल. आमच्या घरात ते दीड वर्ष चाललं आणि विषय एकच होता, दादाच्या जोंगात कोणतं इंजिन बसवायचं.

जोंगा हा शब्द पुष्कळांना जपानी किंवा आफ्रिकी वाटतो. तो आहे जबलपूरचा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावातून तो तयार झाला. निस्सान या जपानी कंपनीच्या पॅट्रोल गाडीचा परवाना घेऊन (पेट्रोल नव्हे, पॅट्रोल, गस्त घालणारी) जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९पासून १९९९पर्यंत ही गाडी लष्करासाठी बनत होती. आधीच्या जीपपेक्षा ही लांब, रुंद, वजनदार. जीपच्या पोटात चार सिलिंडर, हिच्या पोटात सहा. एकूण ३,९५६ सी.सी. एका सिलिंडरचं बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३. हे ११४.३ म्हणजे बरोबर साडेचार इंच. जपानी इंजिनात इंच कुठून आले? निस्सानने १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून ट्रकच्या सहा सिलिंडर इंजिनाची रचना विकत घेतली होती, तिचाही स्ट्रोक साडेचार इंचच. अमेरिकेहून जपान, जपानहून जबलपूर आणि जबलपूरहून शेणवा असा या इंजिनाचा प्रवास आहे.

आमच्या दादाने लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जोंगा १९९३मध्ये दलालाकडून घेतली. बांधणी १९७४ची. लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी गाडी शेतकऱ्याने घ्यावी, म्हणून गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. पण चार पावसाळे गेले आणि तोच गाव रात्री-अपरात्री आमचं दार वाजवायला लागला. भाताची पोती, विहिरीचे पंप, लग्नाची भांडी हे सगळं तिने वाहिलंच, पण खरं म्हणजे जून ते सप्टेंबर ती आमच्या भागाची रुग्णवाहिका होती.

२६ जुलै २००५ची गोष्ट सांगतो. तो दिवस मुंबईच्या पुराचा म्हणून सगळ्यांना आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पण पाऊस काही मुंबईची हद्द पाहून थांबला नव्हता. डोळखांबकडच्या एका पाड्यावरून निरोप आला की बाई अडली आहे. माणसांनी तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. पुढे शहापूर गाठायचं तर मध्ये ओढा, आणि ओढ्याची फरशी पाण्याखाली. दादाने पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा काढला, कारण फिरता पंखा पाणी उचलून नेमकं डिस्ट्रिब्यूटरवर मारतो. डिस्ट्रिब्यूटरवर सायकलच्या ट्यूबची टोपी तर तो जूनपासूनच बांधून ठेवायचा. मग लो रेंज, पहिला गिअर आणि ॲक्सिलरेटरवरून पाय बाजूला. मी फरशीच्या कडेचे दगड पायाने चाचपत पुढे चालत होतो. मध्यावर डावं चाक कशात तरी अडकलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, इतका खाली की एकेक ठोका मोजता यावा. बंद पडलं असतं तर गाडी, बाई आणि आम्ही सगळे त्या पाण्यात उभे. ते बंद पडलं नाही. दादाने पाय हलवला नाही, इंजिनाने आपणच जोर घेतला आणि चाक वर आलं. त्या रात्री शहापूरला मुलगी झाली.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण पुढच्या सगळ्या भांडणात दादाचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं. “फरशीवर गॅस न देता चालेल असं बसवा.”

इंजिन गेलं मे २०२३मध्ये. पुतण्या सामान भरून माळशेज घाट चढत होता. रेडिएटरचा होज गळत होता, काटा लाल खुणेवर गेला, आणि ‘वर पोचून बघू’ म्हणून त्याने गाडी तशीच रेटली. घरी आल्यावर मी तेलाची काडी ओढली तर तेल ताकासारखं पांढरं. म्हणजे पाणी आत शिरलं. उघडल्यावर दिसलं की तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधून ब्लॉक तडकला आहे. बिडाची तडे शिवणारे कारागीर असतात, पण ही तड खाली मेन बेअरिंगच्या बैठकीपर्यंत उतरली होती. तिथे शिवण टिकत नाही. मी पुतण्याला एक शब्द बोललो नाही. वहिनी बोलल्या, पुरेसं बोलल्या.

आता इंजिन कोणतं? पहिलं मत माझंच. मला टाटाचं ६९७ बसवायचं होतं. टाटाच्या जुन्या इंजिनांची नावं म्हणजे सरळ हिशेब असतो. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे सहा आणि ९७, ४९७ म्हणजे चार आणि ९७. टेल्कोने १९५४मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला, त्या घराण्यातली ही इंजिनं. ज्याच्याबरोबर आयुष्य गेलं ते इंजिन मी डोळे मिटून उघडू शकतो, हा माझा मुद्दा. मग एक दिवस फूटपट्टी घेऊन बॉनेटखाली वाकलो आणि माझा मुद्दा मीच खोडला. ६९७ आहे ५,६७५ सी.सी.चं, बस-ट्रकसाठी केलेलं. पुढच्या पाट्यांवर ते वजन टाकलं की चिखलात गाडीचं नाक आधी रुतणार. रेडिएटर पुढे सरकवावा लागणार. शिवाय चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत इंजिनाच्या पोटाखाली पुढचा ॲक्सल असतो, खड्ड्यात तो वर उचलला जातो, म्हणून तेलाच्या सम्पला त्या जागी पोकळ जागा ठेवलेली असते. बसच्या सम्पला ती कशाला असेल? नवा सम्प घडवा, नाहीतर इंजिन वर उचला, आणि इंजिन वर उचललं की बॉनेट मिटत नाही. वर फेऱ्यांचा प्रश्न आहेच. जुनं पेट्रोल इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत जायचं, या डिझेलला गव्हर्नर अडीच-पावणेतीन हजारांना आवरतो. म्हणजे त्याच गिअरमध्ये गाडीचा वेग आपोआप कमी. आपल्या हाताला सवयीचं असलेलं इंजिन गाडीला सोयीचं असेलच असं नाही, हे निवृत्त झाल्यावर कळलं.

पुतण्याला टोयोटा हवं होतं. लँड क्रूझरचं सहा सिलिंडरचं डिझेल, ४,१६४ सी.सी.चं, नाव वन-एच-झेड. इंजिन म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. वाळवंटात, जंगलात, जगभर ते चालतं. पण आपल्याकडे ते बहुधा कापून आलेल्या परदेशी गाडीतून सुटं मिळतं. पुतण्याने फोनवर फोटो दाखवला, मी एवढंच विचारलं की कागद कुठे आहे? मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं कलम ५२ असं की नोंदणी पुस्तकात जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही, आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता हवी. ज्या इंजिनाचा जन्मदाखलाच नाही त्याला मान्यता कोण देणार? शेतातल्या शेतात गाडी फिरवणाऱ्याला एक वेळ चालून जाईल. आमच्या गाडीत पोटुशा बाया बसतात, सर्पदंश झालेली पोरं बसतात. उद्या काही झालं आणि पुस्तकातला नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळला नाही, तर विमा कंपनी हात वर करणार. पुतण्या आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

कल्याणच्या एका मिस्त्रींनी तिसरा पर्याय दिला, आणि खरं सांगायचं तर शहाणपणाचा पर्याय तोच होता. अशोक लेलँडच्या कार्गो ट्रकमधलं हिनो डिझेल, चार सिलिंडर, ३,८३९ सी.सी. १९९६मध्ये नागरिकांना विकण्यासाठी जी जोंगा काढली गेली, तिच्यात हिनो डिझेलच होतं. म्हणजे या लग्नाची पत्रिका आधीच जुळलेली. डिझेलला स्पार्क नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. हवेचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं की ते फरशीवर भिजून बंद पडत नाही. हा मुद्दा डिझेलच्या बाजूचा आहे आणि मला तो खोडता आलेला नाही. ज्याला रोज गाडी चालवायची आहे त्याने हिनोच बसवावं, असं मी आजही सांगतो.

मग आम्ही का नाही बसवलं? दोन कारणं. एक दादाचं वाक्य, दुसरं दादाच्या वह्या.

वाक्याचं आधी. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, सहा सिलिंडरमध्ये दर तिसऱ्या हिश्श्याला. आमच्याकडे पूर्वी उखळात भात कांडायच्या. दोघी कांडत असल्या की मुसळांचे ठोके सुटे सुटे ऐकू येत, तिघी लागल्या की मध्ये फट राहात नसे. तसंच हे. एका धक्क्याचा जोर ओसरायच्या आत दुसरा आलेला असतो. शिवाय ओळीतल्या सहा सिलिंडरांची जोडपी असतात, पहिलं-सहावं, दुसरं-पाचवं, तिसरं-चौथं. ती अशी वर-खाली होतात की एकाचा हिसका दुसरा मारतो, म्हणून हे इंजिन बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू देत नाही. याचा चिखलाशी संबंध काय? संबंध हा, की ओल्या मातीत चाक घसरतं ते बहुधा हिसक्याने. जोर एकसारखा गेला तर चाक जमीन धरून राहतं. पॉवर किती याची चर्चा सगळे करतात. ती पॉवर किती मंद फेऱ्यांवर आणि किती सलग मिळते, हे फरशीवर कळतं. हिनोलाही खालच्या फेऱ्यांवर चांगला जोर आहे, पण मंद फेऱ्यांवर त्याचा थरथराट दादाला सोसेना. कल्याणला एका गाडीत बसून आला आणि म्हणाला, “चांगलं आहे. ट्रक आहे.”

आता वह्या. दादा गाडीची प्रत्येक फेरी लिहून ठेवतो. मी दहा वर्षांची बेरीज केली. गाडी वर्षाला सरासरी १,५०० किलोमीटर चालते, त्याहून जास्त नाही. पेट्रोलवर लिटरला साडेचार धरलं तर ३३३ लिटर, २०२४च्या १०५ रुपयांच्या भावाने साधारण ३५,००० रुपये. डिझेलवर लिटरला नऊ धरलं तर १६७ लिटर, ९२च्या भावाने साधारण १५,४००. फरक वर्षाला वीस हजाराच्या आत. हिनो, त्याचा गिअरबॉक्स जुळवणारी प्लेट, माउंटिंग, रेडिएटर, मजुरी हे सगळं मिळून मिस्त्रींनी ३,२५,००० सांगितले होते. जुन्याच जातीचं इंजिन आणून नवं करायला मला १,४०,०००चा अंदाज आला. वरचे १,८५,००० रुपये डिझेलच्या बचतीतून वसूल व्हायला नऊ वर्षांहून जास्त लागणार, आणि दादा तेव्हा ८१चा. त्यानेच हिशेब पाहिला, हसला आणि वही मिटली.

मध्येच मुंबईचे एक हौशी गृहस्थ गाडी मागायला आले होते. २०१९मध्ये महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतल्याची बातमी आली, तेव्हापासून या गाड्यांची विचारपूस वाढली आहे. ते म्हणाले, इंजिन मूळच ठेवा, गाडी ‘व्हिंटेज’मध्ये जाईल. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने तसा नियम केला आहे खरा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्ही-ए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही, ती प्रदर्शनाला, रॅलीला जायची. आम्हाला ती दाखवायची नव्हती, डोळखांबला न्यायची होती. त्यांना चहा देऊन निरोप दिला.

तर ठरलं, सहाच्या जागी सहा, आणि तेही त्याच जातीचं. सुदैवाने जबलपूरच्याच कारखान्यात निस्सानचा ‘वन टन’ म्हणून एक छोटा लष्करी ट्रक बनत असे, त्याचं इंजिन तेच. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला भंगार बाजारात तीन पाहिली. जाताना बॅटरी, स्टार्टर आणि कॉम्प्रेशनचं घड्याळ बरोबर नेलं. विकणारा वैतागला, पण पंचाहत्तर हजारांची वस्तू नुसती थोपटून घ्यायची नसते. पहिल्याचा नंबर घासलेला होता, त्याला हातही लावला नाही. दुसरं आधी दोनदा बोअर झालेलं, भिंती पातळ. तिसऱ्याचे सगळे प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि जमिनीवरच स्टार्टर मारला. पाच सिलिंडर ११० ते १२० पौंड, पाचव्यात मात्र ७५. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, १०५ आलं. तेल घातल्यावर दाब चढला म्हणजे रिंगा झिजल्या. चढला नसता तर व्हॉल्व गळतात असं समजायचं. रिंगा बदलायच्याच होत्या. लिलावाचा कागद होता, त्यावरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळला. पैसे दिले. पण बसवायच्या आधी आर.टी.ओ.कडे अर्ज टाकला. आधी परवानगी, मग पाना. पुतण्याने सगळे हेलपाटे स्वतःहून घातले, माळशेजची भरपाई म्हणून असेल.

दुरुस्तीत दोन गोष्टी मुद्दाम केल्या, त्या जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असे, ते व्हॉल्वच्या बैठकीला वंगणासारखं राखायचं. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि जुन्या इंजिनांच्या मऊ बैठका झिजायला लागल्या. हेड उघडलंच आहे तर कडक सीट घालून घ्या. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होऊन फाटतो. आम्ही टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी रबरी नळी बदलली, पंपाचा पडदा बदलला, आणि टाकी उतरवून आतला गंज धुतला. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून गाडी चार महिने उभी ठेवायची असेल तर पेट्रोल टाकीत ठेवू नका.

मे २०२५मध्ये इंजिन सुरू झालं. पहिले दोन तास ते मंद फेऱ्यांवर कमी-जास्त करत ठेवलं. नंतर आम्ही तिघं त्या फरशीवर गेलो. पाणी नव्हतं, पण फरशीच्या खालच्या अंगाला दगडांचा उतार आहे, तिथे गाडी घातली. पुतण्या चालवायला, दादा शेजारी. त्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तो आता चालवत नाही. लो रेंज, पहिला गिअर, पाय बाजूला. गाडी चढली, दगडावर टेकली, आवाज खाली गेला, तसाच, ठोके मोजावे असा, आणि पुढे निघाली. दादा उतरला आणि सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहिला. पुतण्याला म्हणाला, “परत घाल.” पुतण्याने चार वेळा घातली.

या पावसाळ्यात तिने सहा माणसं शहापूरला पोचवली. सायकलच्या ट्यूबची टोपी परत डिस्ट्रिब्यूटरवर बसली आहे. क्रँकच्या मागच्या सीलमधून मात्र तेल गळतं. रात्रभर गाडी उभी राहिली की खाली रुपयाएवढा डाग पडतो. दादा म्हणतो, पहिल्यालाही ती खोड होती, राहू दे. मला ते बघवत नाही. सील कुर्ल्याला सांगून ठेवलं आहे, भातकापणी उरकली की गिअरबॉक्स उतरवणार आहे.